पन्नाशीनंतर कविता परत हातात घ्यायचीय? मग अशी सुरुवात करा

हे मी कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. ज्यांनी शाळेत कविता पाठ केल्या, मार्क मिळवले, मग नोकरी, लग्न, मुलं, लोन, सासूबाईंचं आजारपण असं सगळं करत करत तीस-पस्तीस वर्षं एकही कविता धड वाचली नाही, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर कधीतरी संध्याकाळी घरात एकदम शांत वाटतं तेव्हा काहीतरी राहून गेलंय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी. मी सत्तावन्न वर्षांची आहे, बोरिवलीला राहते, फोर्टमधल्या एका विमा ऑफिसात नोकरी करते, रिटायरमेंटला अजून अडीच वर्षं आहेत. मराठी माझा विषय नव्हता, मी कॉमर्सवाली. गेली चार वर्षं मी रोज कविता वाचते आणि त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी, पुस्तक विकत आणू नका. हो, खरंच. पहिल्या आठवड्यात काहीच आणू नका. एक वही घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शाळेतली कुठली कविता आठवतेय ते लिहून काढा. पूर्ण नाही आठवणार, दोन ओळी आठवतील, मग गॅप, मग शेवटची ओळ. गॅप तशीच ठेवा, जागा सोडून पुढे लिहा. लगेच मोबाइलवर शोधायचा मोह होईल पण तो टाळा, कारण ती गॅप तीन-चार दिवस डोक्यात फिरली पाहिजे. भांडी घासताना, अंधेरीला गाडी थांबलेली असताना अचानक एक शब्द वर येतो आणि तो आला की जे वाटतं ते रेडिमेड वाचून वाटत नाही.

माझ्या बाबतीत ती कविता होती बालकवींची 'औदुंबर'. फक्त आठ ओळींची आहे. मला पाच आठवल्या. मधे अडकले तेव्हा चिपळूणला दादाला फोन लावला. आता हे सांगायला हवं की तेव्हा दादाचं आणि माझं बोलणं जवळजवळ बंद होतं, बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून जे झालं त्याला सहा वर्षं झाली होती आणि आम्ही फक्त लग्नाकार्यात भेटत होतो, तेही जेवलास का, जेवलीस का एवढंच. त्या दिवशी मी फोन करून एकदम विचारलं, दादा, ते चिमुकलं गाव ऐल टेकडीकडे आहे की पैल? तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, पैल. मी म्हटलं ऐल. तो म्हणाला, अगं गुरुजींनी मला पट्टी मारली होती त्या शब्दासाठी, पैलच. आम्ही वीस मिनिटं बोललो. घराचा विषय निघालाच नाही. नंतर लायब्ररीत पुस्तक काढून बघितलं तर पैलच होतं, दादा बरोबर होता. म्हणून सांगते, आठवणार नाही तेव्हा इंटरनेटला विचारण्याआधी माणसाला विचारा. भाऊ, बहीण, शाळेतली मैत्रीण, जी कोणी त्या बाकावर तुमच्या शेजारी होती ती.

आता या कवितेत मला जे दिसलं ते सांगते, कारण हे सगळं कशासाठी करायचं ते त्यावरूनच कळेल. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की हे निसर्गवर्णन आहे. झरा, टेकडी, शेतं, हिरवळ, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं उंबराचं झाड. प्रश्न यायचा, कवीने निसर्गाचे वर्णन कसे केले आहे, पाच मार्क. पंचावन्नाव्या वर्षी ती मोठ्याने वाचताना मी मधेच थांबले. ती पांढरी पायवाट जाते कुठे? गावाकडे नाही जात. ती सगळी हिरवळ ओलांडून काळ्या डोहाकडे जाते. आणि तिथे ते झाड निवांत बसलंय, पाय पाण्यात टाकून, घाबरलेलं नाही, कुठे पळत नाहीये. आईबाबा दोघंही गेलेले, आपला नंबर आता पुढचा हे कळलेलं, अशा वयात ते झाड वेगळंच दिसतं. आणि हे लिहिणारा माणूस 1918 साली रेल्वे अपघातात गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. मला पंधराव्या वर्षी हे कळणं शक्यच नव्हतं, त्यात गुरुजींची चूक नाही नि माझीही नाही. कविता पाठ करून घेतली हेच मोठं काम झालं, ती चाळीस वर्षं आत पडून राहिली आणि मला वेळ झाल्यावर सापडली.

तर दुसरी गोष्ट, मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलेली कविता अर्धीच वाचलेली असते असं माझं स्पष्ट मत आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर तिघं मिळून गावोगाव काव्यवाचन करायचे आणि लोक तिकीट काढून ऐकायला जायचे, ते काही उगाच नाही, मराठी कविता मुळात कानासाठीच आहे. घरात लाज वाटत असेल तर स्वैपाकघरात कुकर लावून वाचा, शिट्टीच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. दोनदा वाचायची. पहिल्यांदा अर्थाकडे लक्ष नको, फक्त कुठे अडखळतो ते बघायचं. ज्या शब्दावर जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा काहीतरी असतं.

जुन्या कविता चालीत असतात आणि चाल सापडली की अर्थ अर्धा आपोआप लागतो. वृत्त म्हटलं की लोक घाबरतात, व्याकरणाच्या तासाची आठवण येते, पण याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. ह्रस्व अक्षर म्हणजे लघु, एक मात्रा. दीर्घ म्हणजे गुरु, दोन मात्रा. जोडाक्षराचा जोर आधीच्या अक्षरावर आला तर ते ह्रस्व असलं तरी गुरु धरायचं. बस. आता 'यमाचा' हा शब्द घ्या, लघु गुरु गुरु. तो चार वेळा म्हणा, यमाचा यमाचा यमाचा यमाचा, आणि मनाच्या श्लोकांची चाल लावून बघा. बसली ना? हेच भुजंगप्रयात, ओळीला बारा अक्षरं. आपण लहानपणी दिवेलागणीला म्हणायचो तेव्हा नाव माहीत नव्हतं एवढंच. तसंच मोठ्या अभंगात अक्षरं मोजायची, सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. तुकोबांचा कुठलाही असा अभंग घेऊन बोटांवर मोजा, शेवटच्या चार अक्षरांवर कसं येऊन टेकतो ते कळेल. मुक्तछंदाला असं माप नाही, तिथे ओळ जिथे तुटते तिथे श्वास घ्यायचा आणि कवीने ती तिथेच का तोडली असेल हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

मग हाताने उतरवून काढायची. हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी आहे, म्हणून यावर जरा थांबते. दोनशे पानी साधी वही घ्या, फार सुंदर डायरी नको, सुंदर डायरीत लिहायला हात कचरतो. चाळिशी डोळ्यांवर चढवा, पंख्याखाली बसा आणि उजव्या पानावर कविता लिहा, शुद्धलेखन जसं पुस्तकात आहे तसं. डावं पान कोरं ठेवा. कविता लिहून झाली की डाव्या पानावर तारीख टाका आणि त्या दिवशी आयुष्यात काय चाललंय ते चार-पाच ओळीत लिहा. कवितेचा अर्थ लिहायचा नाही. मार्क कोणी देणार नाहीये. नुसतं लिहायचं, आज गुडघा दुखतोय, मुलाचा फोन आला नाही, शेजारच्या काकांचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं आणि ते विरारला राहायला गेले. कवितेशी संबंध असो नसो. काही सुचलं नाही तर मी तीन प्रश्न वापरते: यातली कुठली ओळ मला पटकन ओलांडून जावीशी वाटली, वाचताना कोणाचा चेहरा आला, आणि ही कविता वाचायला कोणत्या वर्षी हवी होती.

वर्षभराने सगळी उजवी पानं सोडून फक्त डावी पानं सलग वाचा. मी वाचली तेव्हा दादाचा उल्लेख सगळ्यात जास्त होता. नवऱ्यापेक्षा, मुलापेक्षा जास्त. मला वाटायचं की तो विषय मी कधीच सोडून दिलाय. वहीने सांगितलं की नाही सोडलेला. पुढच्या गणपतीला मी चिपळूणला गेले, सहा-सात वर्षांनी त्या घरात झोपले.

एक कविता किती दिवस? एक आठवडा. रोज नवीन कविता नको. आपल्याला फॉरवर्डची सवय लागलीय, सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोवर चार ओळी येतात, आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि विसरतो, आणि त्यातल्या कितीतरी ओळी ज्यांच्या नावावर फिरतात त्यांच्या नसतातच. पुस्तकात छापलेली बघितल्याशिवाय कविता त्या कवीची आहे असं मानू नका, पुढे तर पाठवूच नका. एक कविता, सात दिवस. मी सोमवारी झेरॉक्स करून पर्समध्ये घडी घालून ठेवते आणि बोरिवलीहून चर्चगेटला जाताना रोज दोनदा वाचते, एकदा बसल्याबसल्या आणि एकदा मरीन लाइन्सला समुद्र दिसतो तेव्हा. कागदच हवा, फोनवर वाचायला गेलात की वरून मेसेज टपकतो आणि कविता गेली. गुरुवारपर्यंत तिचा कंटाळा येतो. शुक्रवारी काहीतरी नवीन दिसतं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

आता वाचायचं काय. इथे माझी आवड आहे, तुमची वेगळी असू शकते, पण नवख्या माणसाला कुठूनतरी सुरुवात हवी असते. मी सगळ्यांना आधी बहिणाबाई चौधरी वाचा म्हणते. जळगावकडच्या शेतकरी बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर आणि शेतात काम करताना ओव्या जुळवल्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या उतरवून ठेवल्या आणि 1951 साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक आलं. लेवा बोलीतले शब्द सुरुवातीला अडतील पण मोठ्याने वाचलंत तर कळतात, हा माझा अनुभव आहे. आणि संसाराबद्दल त्या जे बोलतात ते तीस वर्षं संसार केल्याशिवाय कळत नाही, आपण आत्ता पात्र झालोय त्या पुस्तकाला.

त्यानंतर नारायण सुर्वे. मुंबईत राहून सुर्वे वाचले नाहीत असं होऊ देऊ नका. एका गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेलं मूल घरी आणून वाढवलं आणि त्या मुलाने 1966 साली 'माझे विद्यापीठ' दिलं. माझे वडील नोकरीच्या सुरुवातीला लालबागला गाळ्यावर राहायचे, एका खोलीत बारा-पंधरा माणसं, शिफ्टप्रमाणे झोपायची. ते फार बोलायचे नाहीत त्याबद्दल. मला ते सुर्व्यांच्या कवितेतून कळलं, बाबा गेल्यानंतर, आणि तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. तुमचे आईवडील असतील तर आत्ताच त्यांना वाचून दाखवा आणि ते काय बोलतात ते डाव्या पानावर लिहा.

ज्यांनी जवळचं माणूस गमावलंय त्यांनी इंदिरा संत वाचाव्यात, पण घाई नको. त्या फार हळू आवाजात बोलतात आणि एखादी ओळ तीन दिवसांनी लागते. मर्ढेकर पहिल्या महिन्यात नको, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्या, कारण ते ओळ तोडतात, शब्द मोडतात आणि माणूस वैतागून सोडून देतो. पण एकदा सवय झाली की या शहरातली सकाळ, यंत्रं, गर्दी, सगळं त्यांनी 1947 च्या 'काही कविता'मध्ये बघून ठेवलं होतं हे कळतं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 सालचा, तो वाचताना पोटात ढवळतं, वाचायचाच, कारण ज्या वस्त्यांवरून आपली बस चाळीस वर्षं खिडकी लावून गेली त्या तिथे आहेत. ग्रेस मी अजून नीट वाचू शकत नाहीये, दरवर्षी जूनमध्ये परत उघडते.

पुस्तकं कुठे मिळतील? मुंबईत राहणाऱ्यांनी याबाबतीत तक्रार करू नये. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासून. दादर स्टेशनजवळ दादर सार्वजनिक वाचनालय आहे. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ 1923 सालचा, गिरगावात साहित्य संघ. ठाण्याच्या लोकांकडे मराठी ग्रंथसंग्रहालय तर 1893 पासून आहे. तुमच्या जवळची लायब्ररी शोधा, आणि मेंबर झालात की काउंटरवर सरळ विचारा की कवितेचं कपाट कुठलं. हे विचारावंच लागतं. कवितासंग्रह बारीक असतात, दोन जाड कादंबऱ्यांच्या मधे अडकून जातात आणि कण्यावर नावसुद्धा दिसत नाही. एकेक ओढून बघायचा. शेवटच्या तारखेचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा असलेली पुस्तकं मी घरी आणली आहेत.

विकत घ्यायची तर दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल आहे, तिथे उभं राहून चाळू देतात. जुनी हवी असतील तर फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात, मराठी कविता तिथे कमी मिळते पण मिळते तेव्हा कोणाच्या तरी सहीची, तारखेची, कधी आत सुकलेल्या पानासकट मिळते. एक सल्ला, आवडलेला संग्रह दिसला की लगेच घ्या, पुढच्या महिन्यात घेऊ म्हणू नका. कवितेची पुस्तकं एकदा संपली की वर्षानुवर्षं परत छापली जात नाहीत. अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, अर्थ इंग्रजीत आहेत पण जुने शब्द त्याच्याइतके दुसरीकडे सापडत नाहीत. कवीची माहिती हवी तर मराठी विश्वकोश.

एक गोष्ट सांगायलाच हवी. कधीकधी कविता वाचून खूप वाईट वाटतं, असं की दिवस जातो. मला आईवरची एक कविता वाचून ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडावं लागलं होतं. अशा वेळी ती कविता ताबडतोब बंद करा, वहीत फक्त नाव आणि तारीख लिहा आणि दुसरी घ्या. चार-सहा महिन्यांनी परत या. न वाचता येणं यात कमीपणा काही नाही. पण मन सतत उदास राहत असेल, झोप नसेल, कशातच रस नसेल तर ते कवितेवर सोडू नका, डॉक्टरांशी बोला. पन्नाशीनंतर आपल्यात, विशेषतः बायकांमध्ये, शरीरातले बदलही असतात आणि ते अंगावर काढायची सवय आपल्याला फार आहे.

एकटीने तीन-चार महिने झाले की कोणीतरी सोबत घ्या. चारपेक्षा जास्त नको. आमच्या सोसायटीत आम्ही तिघी आणि एक काका आहोत, महिन्यातून एका रविवारी गच्चीवर, पावसाळ्यात आमच्या घरी. नियम एवढाच की एकाने कविता दोनदा वाचायची, मग दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग प्रत्येकाने कुठला शब्द अडकून राहिला तेवढं सांगायचं. वा वा, क्या बात है हे नाही. अर्थ समजावून सांगणं तर अजिबात नाही. ती दोन मिनिटं पहिल्यांदा फार लांब वाटतात, चहा आणू का असं कोणीतरी म्हणतंच, पण सांभाळा. दुसऱ्या महिन्यात काका, जे एरवी पार्किंगशिवाय कशावर बोलत नाहीत, त्यांनी त्यांच्या गेलेल्या बहिणीबद्दल सांगितलं. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम ठिकठिकाणी असतात, तिथेही जा, पण ते ऐकायला. आपलं खरं काम गच्चीवरच होतं.

आणि स्वतः लिहायचं का? लिहा, पण निदान सहा महिने वाचल्यावर. सुरुवातीला मोठे शब्द बाजूला ठेवा. जीवन, आभाळ, पाऊस, एकांत, हे शब्द लाखो लोकांनी वापरून गुळगुळीत केलेत. घरातली एक वस्तू घ्या आणि सहा-सहा-सहा-चार अक्षरांत बसवून बघा, मापात बसवायला गेलं की फालतू शब्द आपोआप गळतात. माझा पहिला प्रयत्न असा होता:

बाबांचे घड्याळ
चालते अजून
किल्ली ही देऊन
बसते मी

यातला 'ही' फक्त सहा अक्षरं भरायला आलाय हे मला माहीत आहे, त्याच्या जागी दुसरं काही बसतंय का ते मी अजून शोधतेय. असं लिहिलेलं महिनाभर कोणाला पाठवू नका. महिन्यानंतर एकाच माणसाला वाचून दाखवा.

मी दादाला दाखवलं. त्याचा रविवारी सकाळी सव्वाआठला फोन येतो, आता ती वेळच ठरलीय, एका आठवड्याची कविता मी निवडते, पुढच्या आठवड्याची तो. चार ओळी ऐकून तो म्हणाला, बाबा किल्ली रात्री झोपताना द्यायचे, नऊच्या बातम्या झाल्या की, ते कुठे आलं नाही यात. मी डाव्या पानावर लिहून ठेवलंय. या आठवड्याची कविता त्याची आहे, अजून उतरवून काढायची राहिलीय.